जड नळी की हलकी? एका थ्री पोझिशन नेमबाजाचं प्रकरण

बावीस वर्षांचा मुलगा, करवीर तालुक्यातला. दहा मीटर एअर रायफलवर चांगला तयार झालेला आणि आता पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये उतरलेला, म्हणजे नीलिंग (गुडघ्यावर), प्रोन (झोपून) आणि स्टँडिंग (उभं राहून) अशा तिन्ही प्रकारे मारायचं. उंची १६५ सेंटीमीटर, वजन ५७ किलो. सरावाला क्लबवर एका ज्येष्ठ नेमबाजाची पॉइंट टू-टू रायफल मिळत होती आणि तीच विकत घ्यायचं त्याच्या घरच्यांनी जवळजवळ नक्की केलं होतं. रायफल उत्तम स्थितीत होती, नळीची निगा छान राखलेली होती. प्रोनमध्ये तिचा ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका, बघितला की कुणालाही मोह पडावा असा होता.

अडचण एकच. नीलिंग ठीक, प्रोन फार छान आणि स्टँडिंगला सगळं ढासळायचं. पहिले सात-आठ शॉट दहा-नऊमध्ये, मग आठ यायला लागायचे, बहुतेक खालच्या बाजूला. मुलगा म्हणायचा, "सर, माझी स्टँडिंगच कच्ची आहे." एअर रायफलही उभं राहूनच मारतात आणि तिथे तो पक्का होता. त्यामुळे मला हे पटत नव्हतं. वडिलांनी सौद्याची तारीख पुढे ढकलली आणि आम्ही आधी रायफल तपासायला घेतली. घाई न करण्याचं कारण साधं होतं. परवान्यावर एकदा हत्यार चढलं की ते बदलणं म्हणजे पुन्हा कागदपत्रं आणि पुन्हा वाट बघणं. शेतकरी घरातून आलेल्या पैशाचा प्रश्न तर आणखीच मोठा.

स्टँडिंगला गुण कमी पडणं यात वावगं काही नाही. जगातल्या सर्वोत्तम नेमबाजांचंही तेच होतं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्याचे आकडे पाहा. पात्रता फेरीत प्रत्येक पोझिशनला वीस शॉट, म्हणजे दोनशेपैकी गुण. नीलिंग १९८, प्रोन १९७, स्टँडिंग १९५, एकूण ५९०. अंतिम फेरीत नीलिंगच्या १५ शॉटना १५३.३, प्रोनच्या १५ शॉटना १५६.८ आणि स्टँडिंगच्या १४ शॉटना १४१.३, एकूण ४५१.४. सरासरी काढली तर नीलिंगला १०.२२, प्रोनला १०.४५ आणि स्टँडिंगला १०.०९ पडतात. म्हणजे उभं राहिल्यावर थोडी घसरण धरूनच चालायचं असतं. आमच्या मुलाची घसरण मात्र या प्रमाणातली नव्हती, आणि ती थकव्याबरोबर वाढत जायची. तंत्र चुकत असेल तर शॉट पहिल्यापासून विखुरतात. आठव्या शॉटनंतर खाली यायला लागले, तर आधी वजनाकडे बघावं.

रायफल काट्यावर ठेवली. सगळ्या जोडण्यांसकट ७.४ किलो भरली. नियमाची मर्यादा ८ किलोची, त्यामुळे नियमात बसत होती. पण ५७ किलोच्या अंगावर ७.४ किलो म्हणजे शरीराच्या तेरा टक्के वजन झालं. एअर रायफलची कमाल मर्यादाच साडेपाच किलो आहे. एवढ्यावर निष्कर्ष काढायचा नव्हता, कारण निव्वळ वजन हाडांच्या आधाराने पेलता येतं. स्टँडिंगला डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं आणि रायफलचा भार पंजातून, मनगटातून, हाताच्या हाडातून सरळ कमरेच्या हाडावर उतरतो. तिथे स्नायूंनी काम करायचंच नसतं. स्नायू कामाला लागतात ते वजन पंजाच्या पुढे गेलं की.

म्हणून मग रायफल दोरीच्या फासात लटकवून तोल कुठे पडतो ते पाहिलं. स्टँडिंगला त्याचा डावा पंजा जिथे लागतो, तिथून तोलाचा बिंदू तब्बल नऊ सेंटीमीटर पुढे होता. ७.४ किलो गुणिले ९ सेंटीमीटर, म्हणजे सुमारे ६७ किलो-सेंटीमीटरचा पीळ सतत नळीचं तोंड खाली ओढत होता. हा पीळ सावरायला मुलगा कंबरेतून मागे रेलायचा आणि बटप्लेट, म्हणजे रायफलची खांद्याला टेकणारी मागची बाजू, खांद्याने खाली दाबून धरायचा. पाठीचे स्नायू सात-आठ शॉट साथ द्यायचे, मग सोडायचे. शॉट खाली का जातात याचं उत्तर इथे सापडलं.

एवढा पीळ आला कुठून? रायफलची नळी ६९ सेंटीमीटर लांब आणि बाहेरून २३ मिलिमीटर जाड. तिच्या तोंडावर पुढची साइट (नेम धरायचा भाग) पुढे नेणारी लांब ट्यूब आणि ट्यूबवर एक वजन, दोन्ही मिळून साडेतीनशे ग्रॅम. रायफल ज्यांची होती ते पूर्वी प्रोनचे नेमबाज होते, आणि प्रोनसाठी ही रचना अगदी बरोबर होती.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण आपल्याकडे क्लबांमध्ये जड नळीचं जे कौतुक ऐकू येतं त्याचं मूळ प्रोनमध्ये आहे. पुरुषांची पन्नास मीटर प्रोन ही स्पर्धा २०१६ च्या रिओपर्यंत ऑलिंपिकमध्ये होती. २०१२ ला लंडनमध्ये जॉयदीप कर्माकर त्यात चौथा आला, एका स्थानाने पदक हुकलं. आपल्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली तीही प्रोनमध्येच. त्या काळात रायफल घ्यायची म्हणजे प्रोनचा विचार आधी व्हायचा. प्रोनला दोन्ही कोपरं जमिनीवर, डावा हात बराच पुढे, स्लिंग म्हणजे रायफलचा पट्टा दंडाला घट्ट आवळलेला. नळी कितीही जड असो, पेलते जमीन आणि पट्टा. जड नळीचा धक्का कमी आणि दरवेळी सारखा बसतो, म्हणून साठ शॉट एकाच जागी पडतात. टोकियोपासून ही स्पर्धा ऑलिंपिकमधून गेली. आता ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटरला एकच प्रकार उरला आहे, थ्री पोझिशन. त्यात एकाच रायफलीने गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचं असतं. उद्देश बदलला, पण बाजारात फिरणाऱ्या जुन्या रायफली आणि त्यांच्याबरोबर फिरणारे सल्ले बदलले नाहीत.

मुलाच्या वडिलांनी नेमका तोच सल्ला ऐकला होता. ते म्हणाले, "सर, जड बंदूक हलत न्हाई म्हणत्यात सगळी. मग हलकी घिऊन काय करायचं?"

मी म्हटलं, "दादा, जड असली की कमी हलते हे खरं आहे. पण एकदा हलली की जागेवर आणायलाही तेवढीच जड जाते."

त्यांना ते पटलेलं दिसलं नाही, म्हणून मुलाचा होल्ड, म्हणजे नेम किती स्थिर धरला जातो ते, संगणकावर दाखवला. रायफलला सेन्सर लावून नेमाची रेघ काढणारं यंत्र हल्ली बऱ्याच क्लबांत असतं. जड रचनेत रेघेचा पसारा खरोखर लहान दिसत होता. पण नेम दहाच्या बाहेर गेला की परत यायला वेळ लागत होता. मुलगा वाट बघत थांबायचा, बारा-पंधरा सेकंद श्वास धरायचा, आणि मग डोळ्यासमोरचं चित्र धूसर झाल्यावर ट्रिगर सुटायचा. पन्नास मीटरला दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं आणि गोळी ५.६ मिलिमीटरची. त्याचा होल्ड या मापासाठी पुरेसा होता. कमी पडत होता तो योग्य क्षणी सोडायचा अवकाश.

वजन कुठे आहे याला इतकं महत्त्व का, हे आकड्यांत सांगतो. दोनशे ग्रॅमचं वजन पंजापासून ४० सेंटीमीटरवर लावलं आणि तेच ७५ सेंटीमीटरवर लावलं, तर खाली ओढणारा पीळ जवळपास दुप्पट होतो. दिशा बदलायला होणारा विरोध मात्र अंतराच्या वर्गात वाढतो, म्हणजे साडेतीन पट. स्टँडिंगला हा विरोध थोडा हवाच असतो. नाहीतर हृदयाच्या ठोक्यानेही फोरसाइट, म्हणजे पुढची साइट, उडते. पण तो किती हवा हे नेमबाजाच्या शरीरावर ठरतं, आणि ५७ किलोच्या मुलाला नव्वद किलोच्या नेमबाजाचं माप लावून चालत नाही.

जड नळीच्या बाजूने आणखी एक मुद्दा नेहमी येतो, कडकपणाचा. तो खरा आहे आणि नीट समजून घ्यायला हवा. नळीचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, वजन फक्त वर्गात. २२ ऐवजी २३ मिलिमीटर केली तर प्रत्येक सेंटीमीटरमागे वजन नऊ टक्के वाढतं, कडकपणा मात्र जवळजवळ वीस टक्के. इथपर्यंत जाड नळी जिंकते. पण नळीच्या तोंडाचं झुकणं लांबीच्या घनात वाढतं. लांबी ६६ वरून ६९ सेंटीमीटर केली की झुकणं चौदा टक्क्यांनी वाढतं. दोन्हींचा हिशेब मांडला तर तोंडाशी उरलेला फायदा पाच टक्क्यांच्या आसपास. त्यासाठी मोजायचं काय? पोलादाची घनता धरून वजन काढलं तर ६६ सेंटीमीटर लांब, २२ मिलिमीटर जाड नळी सुमारे १८४० ग्रॅमची होते आणि ६९ लांब, २३ जाड नळी सुमारे २१२० ग्रॅमची. पावणेतीनशे ग्रॅम जास्त, आणि तेही पंजाच्या पुढे.

लांबीचा फायदा वेगातही मिळत नाही. टू-टूच्या काडतुसातली दारू नळीच्या पहिल्या चाळीस-पन्नास सेंटीमीटरमध्येच आपलं काम संपवते. मॅचची गोळी सुमारे ३२५ मीटर प्रति सेकंदाने बाहेर पडते. पुढची लांबी पूर्वी पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर वाढवायला उपयोगी होती, आता ते काम पोकळ, हलकी ट्यूब करते.

मोठ्या काडतुसाच्या रायफलीला हा सगळा हिशेब वेगळा लागतो, हे इथेच नोंदवतो, कारण क्लबवर तीनशे मीटर मारणारे एक जण "पातळ नळी तापली की वाकडी मारते" असं या मुलाला सांगून गेले होते. त्यांच्या रायफलीपुरतं ते बरोबर आहे. तिथे दारू कितीतरी जास्त, उष्णता जास्त, आणि सलग मारताना जाड नळी ती उष्णता पचवते. टू-टूमध्ये वीस-तीस शॉटनंतरही नळी हाताला जेमतेम कोमट लागते. उलट टोक बघायचं तर बायथलॉनची रायफल घ्या. बर्फावर स्की करताना ती पाठीवर वाहायची असते, नियमाने किमान साडेतीन किलोची हवी, आणि खेळाडू ती त्याच्या जवळपासच ठेवायचा प्रयत्न करतात. काडतूस तेच, अंतर तेच पन्नास मीटर, तरी नळी सडपातळ. वाहून न्यायचं ओझं आलं की नळीचं माप बदलतं.

आमच्या प्रकरणात बदलणारी गोष्ट होती पोझिशन, आणि नियमाची एक अट निर्णायक ठरली. स्पर्धेत एकच रायफल वापरायची, मधेच नळी, ॲक्शन (गोळी भरायची-उडवायची यंत्रणा) किंवा स्टॉक (दस्ता) बदलता येत नाही. बटप्लेट, हँडस्टॉप (पुढच्या हाताला लावलेला अडसर), वजनं अशा जोडण्या मात्र बदलता येतात. म्हणजे नळी तिन्ही पोझिशनना तीच राहणार. मग ती सगळ्यांत अवघड पोझिशनला झेपेल अशी घ्यावी आणि बाकीच्या पोझिशनना हवं असलेलं वजन वरून चढवावं, हेच शहाणपणाचं. हलक्या नळीवर वजन चढवता येतं. जड नळीतून पोलाद काढता येत नाही. काढायचंच तर लेथवर चढवून नळी सोलावी लागते. मॅचच्या नळीवर तसं केलं तर आतला ताण मोकळा होऊन तिची अचूकता बिघडण्याचा धोका असतो. मी कुणालाही तसा सल्ला देणार नाही.

आता प्रत्यक्ष तपासणी. आधी त्याच रायफलवरची ट्यूब आणि वजन काढलं. तोल लगेच मागे आला, शॉट खाली जाणं निम्म्याने थांबलं. पण ट्यूबशिवाय साइटमधलं अंतर कमी झालं आणि फोरसाइटची कडी त्याला मोठी, सैल दिसायला लागली. शिवाय तोल अजूनही पंजाच्या बराच पुढे होता. मग क्लबची दुसरी रायफल घेतली, ६६ सेंटीमीटर लांब, २२ मिलिमीटर जाड नळीची. तिचा स्टॉक त्याच्या मापाला लावायला दोन दिवस गेले. हे काम टाळून केलेली तुलना खोटी ठरते. चीकपीस, म्हणजे गाल टेकवायचा भाग, अर्धा सेंटीमीटर वर-खाली असलं तरी मुलगा मान वाकवतो आणि दोष नळीला जातो.

दुसऱ्या रायफलीचा हिशेब असा निघाला. तोंडावरचे साडेतीनशे ग्रॅम गेले, नळीचे पावणेतीनशे गेले, रायफल पावणेसात किलोवर आली आणि तोल पंजापासून चार सेंटीमीटरच्याही आत. आता मात्र ती फार चपळ झाली. नेम परत लगेच यायचा, पण तितक्याच लगेच निघूनही जायचा. मग नळीवर सरकणारं अडीचशे ग्रॅमचं वजन पंजापासून पंचवीस सेंटीमीटरवर आवळलं. एकूण ७ किलो, तोल साडेचार सेंटीमीटर पुढे, पीळ सुमारे ३२ किलो-सेंटीमीटर. जुन्या रचनेशी तुलना करा. एकूण वजन फक्त चारशे ग्रॅमने उतरलं, पीळ निम्म्याहून खाली आला. आमच्या सगळ्या चर्चेत "हलकी रायफल" हा शब्द उगाच फिरत होता. रायफल फारशी हलकी झालीच नव्हती.

मुलाने या रचनेवर उभं राहून पूर्ण वीस शॉट मारले तेव्हा शेवटचे पाच पहिल्या पाचांच्याच जागी पडले. होल्डची रेघ आधीपेक्षा किंचित मोठी होती, पण तो सात-आठ सेकंदांत शॉट सोडत होता. वडील पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग वजन म्होरं नको, हाताजवळ पायजे, असंच न्हवं?" थोडक्यात तेच.

प्रोनची काळजी मला जास्त होती, कारण जिथे त्याचे गुण हमखास होते तिथे ते घालवायचे नव्हते. पहिल्या दिवशी ग्रुप खरंच मोठा पडला. घाबरण्याआधी काडतुसांचा लॉट, म्हणजे एकत्र बनलेली खेप, बदलून पाहिला, आणि दुसऱ्या लॉटने ग्रुप परत आवळला. प्रत्येक नळीला तिचा लॉट असतो. गोळी नळीत अडीच-तीन मिलिसेकंद असते, तेवढ्यात नळी थरथरते, आणि तोंड कुठल्या स्थितीत असताना गोळी सुटते यावर ती कुठे लागेल हे ठरतं. नळी बदलली की थरथर बदलते. नळीवरचं वजन सरकवलं तरी बदलते. म्हणून लॉटची चाचणी नेहमी ज्या रचनेत स्पर्धा मारायची त्याच रचनेत करावी. नुसत्या नळीवर लॉट निवडायचा आणि मग तिच्यावर ट्यूब नि वजन चढवायचं, ही पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. त्यात महागडी काडतुसं वाया जातात.

शेवटची गाठ वेळेची. पात्रता फेरीत तिन्ही पोझिशन मिळून दीड तास असतो, त्यातच पोझिशन बदलायची, जोडण्या फिरवायच्या आणि सराव शॉट मारायचे. प्रत्येक पोझिशनला वेगळं वजन ठरवलं तर कागदावर छान दिसतं, लेनवर मात्र हात थरथरतो आणि ॲलन की हातातून पडते. स्पर्धेचा क्रम नीलिंग, प्रोन, स्टँडिंग असा आहे. नीलिंगला वजन पुढे असलं तर स्लिंग ताणलेली राहते आणि डावं कोपर गुडघ्यावर घट्ट बसतं, प्रोनला पुढचं वजन चालतं. म्हणून दोन्हींसाठी वजन नळीच्या तोंडाजवळ एकाच खुणेवर ठेवलं. स्टँडिंगला जाताना ते एकदाच मागच्या खुणेवर आणायचं. संपूर्ण स्पर्धेत वजन एकदाच हलतं. ते हलवल्यावर गोळी लागायची जागा सरकते, तेव्हा साइटला किती क्लिक द्यायचे ते त्याच्या वहीत लिहिलं आहे, आणि स्टँडिंगचे पहिले सराव शॉट त्याची खात्री करायला वापरायचे.

जुन्या रायफलीचा सौदा झाला नाही. ज्यांची होती त्यांना मी सगळे आकडे दाखवले आणि त्यांनी ते मोठ्या मनाने मान्य केले. त्यांची रायफल पुढे उंच, भरल्या अंगाच्या एका नेमबाजाने घेतली आणि तो ती ट्यूबवरचं वजन काढून आनंदाने मारतो. नळी तीच, पण त्याचा हात लांब असल्याने पंजा पुढे पडतो आणि तोल त्याच्या पंजाशी येतो. आमच्या मुलाने २२ मिलिमीटर नळीची रायफल नक्की केली आहे. तो सध्या पाठीचा आणि पोटाचा व्यायाम वाढवतो आहे. अंगात ताकद आली की स्टँडिंगची खूण एकेक सेंटीमीटर पुढे नेऊन बघायची आणि शेवटचे पाच शॉट खाली यायला लागले की एक सेंटीमीटर मागे घ्यायची, असं आमचं ठरलं आहे.